उसने गाणे

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण, जो तंत्रनिकेतनात शिकतो आणि रविवारी मिस्सेला नेमाने उशिरा येतो, एका संध्याकाळी चर्चच्या अंगणात आम्हांस गाठून म्हणाला, "फादर, तुमच्या नावाचा एक बँड आहे. ऐकणार का?" आमच्या नावाचा म्हणजे धर्मगुरूच्या नावाचा. त्या इंग्रजी वाद्यवृंदाचे नाव 'जूडास प्रीस्ट'. म्हणजे यहूदा आणि धर्मगुरू ही दोन्ही पदे एकाच श्वासात! आम्ही थोडे दचकलो, परंतु सेमिनरीतील दहा-बारा वर्षांनी जर काही शिकविले असेल तर ते हेच, की तरुण माणूस काही ऐकवू पाहत असेल तर आधी ऐकावे आणि मत मागाहून द्यावे.

ज्या संगीतास आजची मुले 'मेटल' म्हणतात, त्याचा हा एक नामांकित वाद्यवृंद. कारखान्यांच्या आणि ओतशाळांच्या बर्मिंगहॅम शहरात तो १९६९ साली उदयास आला. धातूवर धातू आपटल्याचा आवाज ऐकण्याची आम्ही मनाची तयारी केली होती. परंतु मुलाने लावले ते गाणे मुळात त्यांचे नव्हतेच. जोन बाएझ या अमेरिकन गायिकेने स्वतःच्या जुन्या प्रेमाच्या आठवणींवर रचलेले 'डायमंड्स अँड रस्ट' हे १९७५ सालचे गीत या मंडळींनी १९७७ च्या आपल्या संग्रहात घेतले, १९७९ च्या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेत पुन्हा घेतले, आणि पुढे केस पिकल्यावर तेच गाणे ते कधीकधी सगळा गोंगाट बाजूला ठेवून हळुवारपणे गाऊ लागले. गंमत अशी, की बाएझबाईंचे गीत ज्यांच्या आठवणीने लिहिले गेले त्या बॉब डिलन यांच्याच एका गाण्यातून या वाद्यवृंदाने आपले नाव उचललेले आहे. नाव उसने, गाणे उसने. आणि तरी चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या सहवासाने ते त्यांचे झालेले.

"फादर, एवढी वर्षं गायल्यावर ते गाणं कोणाचं म्हणायचं?" मुलाने विचारले.

प्रश्न साधा होता, पण आम्हांस त्याचे उत्तर चटकन देता आले नाही. कारण हाच प्रश्न दुसऱ्या एका माणसाने आम्हांस काही वर्षांपूर्वी विचारला होता, आणि त्या वेळी आम्ही चुकीचे उत्तर आधीच देऊन बसलो होतो, तेही वेदीवरून. ती हकीकत आज वाचकांपुढे ठेवावी असे वाटते.

आमच्या धर्मग्रामात एक निवृत्त हवालदार होते. सारे गाव त्यांना हवालदारबाबा म्हणे. सैन्यातील त्यांची नोकरी बंदुकीची कमी आणि पितळेची अधिक. ते लष्करी बँडमध्ये युफोनियम वाजवीत. हे वाद्य दिसायला मोठे, परंतु मान लहान. कॉर्नेट आणि ट्रम्पेट सूर मिरवितात. युफोनियम बहुधा त्यांच्या खाली राहून त्यांना आधार देते. निवृत्तीनंतर बाबांनी कोणाकडून तरी एक जुने युफोनियम विकत घेतले होते. दर शनिवारी ते त्याला चिंचेच्या कोळाने घासून उन्हात ठेवीत. "लोखंड गंजतं फादर, पितळ गंजत नाही," ते म्हणत. "त्याला नुसता हिरवा कळक चढतो. घासलं की पुन्हा सोनं."

आमचे नगर हे छावणीचे शहर. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र १९४८ पासून येथे आहे. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्रही येथेच आहे. त्यामुळे बँडचे आमच्या लोकांस अप्रूप नाही. परंतु बाबांना ऐकायला लोक जमत ते एका वेगळ्याच कारणासाठी. तरुणपणी एका वर्षी, २९ जानेवारीच्या संध्याकाळी, नवी दिल्लीच्या विजय चौकात जे सामुदायिक बँड वाजले त्यांत बाबा होते. एकदाच, पण आयुष्याला पुरेल असे एकदा.

'बीटिंग रिट्रीट' या नावाने ओळखला जाणारा तो सोहळा प्रजासत्ताकदिनाच्या उत्सवाची सांगता करणारा. पूर्वीच्या युद्धांत सूर्य मावळला की कर्णा वाजे, लढाई थांबे, शस्त्रे म्यान होत आणि सैनिक छावणीकडे परतत. त्या परतण्याची ही आठवण. आपल्याकडे पन्नासच्या दशकाच्या आरंभापासून तो होत आला. २००१ साली गुजरातच्या भूकंपामुळे आणि २००९ साली माजी राष्ट्रपती वेंकटरामन यांच्या निधनामुळे तो झाला नाही. एरवी खंड नाही. आणि त्या सोहळ्याच्या अखेरीस, ध्वज उतरण्याच्या थोडे आधी, भारतीय सैन्याचे बँड एक ख्रिस्ती स्तोत्र वाजवीत: 'अबाइड विथ मी'.

बाबा त्या क्षणाचे वर्णन करीत ते असे. टेकडीच्या भिंतींवर उंटस्वार दगडासारखे स्थिर. मागे राष्ट्रपती भवन सावळत चाललेले. मोठमोठे ढोल एकाएकी गप्प होतात. मग पितळी वाद्ये अगदी हलक्या आवाजात ते स्तोत्र उचलतात आणि दूर ठेवलेल्या नळीच्या घंटा त्यांना उत्तर देतात. "तेवढ्या मोठ्या चौकात, फादर, माणसाचा श्वास ऐकू यायचा. माझ्या शेजारी एक शीख होता, पलीकडं एक गोरखा. आमच्यात ख्रिस्ताचा मी एकटा. पण वाजवताना कोण कोणाचा हे समजत नव्हतं."

हे स्तोत्र लिहिणारे हेन्री फ्रान्सिस लाइट हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रिक्सहॅम या कोळ्यांच्या गावी अँग्लिकन धर्मगुरू होते. क्षयाने त्यांना पोखरले होते. १८४७ साली, हवापालटासाठी गाव सोडण्याच्या सुमारास, त्यांनी हे गीत पूर्ण केले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फ्रान्समधील नीस येथे त्यांचे देहावसान झाले. गीताचा आशय थोडक्यात असा: दिवस मावळतो आहे, सोबतीचे एकेक निघून जात आहेत, प्रभो, तू मात्र जाऊ नकोस. आज जी चाल सर्वत्र गायिली जाते ती विल्यम हेन्री मंक यांची. १८६१ मध्ये इंग्लंडात निघालेल्या एका स्तोत्रसंग्रहासाठी त्यांनी ती रचली आणि तिला 'इव्हनटाइड' म्हणजे सांजवेळ असे नाव दिले. महात्मा गांधींच्या आवडत्या स्तोत्रांत त्याची गणना होते. हुतात्मादिनाच्या आदल्या संध्याकाळी ते वाजे, यातही अनेकांना एक अर्थ दिसे.

हे स्तोत्र पितळेवर इतके शोभते का, याचे उत्तर बाबांनी एकदा आम्हांस व्हरांड्यात बसून दिले होते. ते शास्त्र शिकलेले नव्हते. परंतु हाताने शिकलेले होते. आपल्याकडील गाणे म्हणजे एकच सूर, सर्वांनी मिळून चालवायचा. स्तोत्र तसे नाही. ते चार आवाजांचे. वरचा सूर कॉर्नेटचा, मधले दोन हॉर्न आणि ट्रॉम्बोन-युफोनियमचे, आणि तळाशी बेस. प्रत्येकाची वाट निराळी, परंतु ओळीच्या शेवटी सगळे एका उंबरठ्यावर येतात. चाल अशी सावकाश, की फुंकणाऱ्याला श्वास पुरतो, आणि झेप अशी लहान, की ओठांवर ताण येत नाही. थकलेल्या माणसालाही ते वाजविता येते. "दिवसभर कवायत केल्यावर वाजवायचं गाणं आहे ते," बाबा म्हणत.

ही सर्व पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे २०२२ च्या जानेवारीत आम्हांस काय वाटले असेल याची कल्पना येईल. दोन वर्षांपूर्वी, २०२० सालीही हे स्तोत्र वगळण्याची वार्ता आली होती. चर्चा झाली आणि अखेर ते वाजले. या वेळी मात्र कार्यक्रमपत्रिकेतील सव्वीस सुरावटींत त्याचे नाव नव्हते. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षात देशी सुरावटींना स्थान देणे उचित, असा त्यामागचा विचार सांगण्यात आला. त्याच्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगों' हे गीत आले. एक हजार ड्रोनही त्या वर्षी आकाशात उडविण्यात आले.

शनिवारी, २९ तारखेस, आम्ही दूरदर्शनसमोर बसलो आणि जे वाजले नाही तेच ऐकत राहिलो. रात्री झोप आली नाही. जुन्या सोबत्याने निरोपही न घेता घर सोडावे, तसे काहीसे वाटले. खरे सांगावयाचे तर दुःख कमी होते आणि राग अधिक होता. परंतु धर्मगुरूला आपल्या रागास दुःखाचे वस्त्र नेसविण्याची सवय असते.

दुसऱ्या दिवशी रविवार, सामान्यकाळातील चौथा. त्या दिवसाचे शुभवर्तमान लूकच्या चौथ्या अध्यायातील: नासरेथच्या सभास्थानात प्रभू येशू बोलतो, गावकऱ्यांना राग येतो, आणि संदेष्ट्यास स्वतःच्या गावी मान मिळत नाही हे सत्य तेथे उच्चारले जाते. आम्हांस वाटले, वाचन जणू आमच्यासाठीच निवडले आहे! करोनाच्या तिसऱ्या लाटेमुळे बाकांवर माणसे विरळ होती, तोंडावर पट्ट्या होत्या. आम्ही पंधरा मिनिटे बोललो. सत्तर वर्षे या मातीत राहिलेले स्तोत्र आज परके ठरले, आपल्याच घरी आपणांस मान नाही, असा प्रवचनाचा सूर. शब्द आम्ही जपून वापरले. परंतु ऐकणाऱ्यांना जे ऐकू जायचे ते गेलेच. मिस्सा संपल्यावर दोघा-तिघांनी येऊन "फादर, चांगलं बोललात" असे म्हटले. कोणी असे म्हटले की धर्मगुरूने सावध व्हावे, हे आम्हांस त्या वेळी सुचले नाही.

हवालदारबाबा सर्वांत मागून आले. दारातील होली वॉटरच्या भांड्याजवळ ते थांबले आणि म्हणाले, "फादर, राग नका धरू. एक विचारू?"

"विचारा ना, बाबा."

"ते गाणं आपलं कधी होतं?"

आम्ही बोललो नाही. ते पुढे म्हणाले, "माझा बाप सांगायचा, त्याच्या लहानपणी कॅथलिकांनी मिशनवाल्यांची गाणी म्हणायची नाहीत असा दंडक होता. म्हटलं तर फादर कान धरायचे. आता एका इंग्रजी मिशनवाल्या पाळकाचं गाणं गेलं म्हणून तुम्ही रडता. आणि आलं ते कोणाचं? पुणतांब्याच्या पोराचं! आपल्याच जिल्ह्याचं! तुम्ही आज वाचलंत ना, गावच्या माणसाला गावात मान नाही म्हणून? मग तो गावचा माणूस कोण झाला?"

इतके बोलून त्यांनी बोट पाण्यात बुडविले, क्रुसाची खूण केली आणि काठी टेकीत ते निघून गेले.

आम्ही कार्यालयात येऊन बसलो. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते आणि आम्ही ते जाणतही होतो. फक्त दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. 'ऐ मेरे वतन के लोगों' हे गीत कवी प्रदीप यांचे; परंतु त्याची चाल रामचंद्र नरहर चितळकर यांची, ज्यांना देश सी. रामचंद्र म्हणून ओळखतो. १२ जानेवारी १९१८ रोजी त्यांचा जन्म झाला तो पुणतांब्याला. गोदावरीच्या काठी, जेथे चांगदेवांची समाधी आहे आणि जेथून आमची कितीतरी माणसे हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला येतात. त्या स्टेशनवरून आम्ही स्वतः शंभरदा गेलो असू. पण 'येथे तो जन्मला' असे आम्ही एकाही मुलाला कधी दाखविले नव्हते.

चिनी आक्रमणाची जखम ताजी असताना, २७ जानेवारी १९६३ रोजी, दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये लता मंगेशकर यांनी ते गीत प्रथम गायिले. समोर पंडित नेहरू होते. गीत ऐकून त्यांचे डोळे पाणावले, ही आठवण सर्वश्रुत आहे. ज्या नेहरूंनी १९४२ नंतरची तुरुंगवासाची वर्षे आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात काढली आणि तेथेच १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, त्यांना त्या दिवशी रडविणारी चाल याच जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाची असावी! आणि आम्ही वेदीवर उभे राहून तिला परकी ठरविली.

शिवाय 'देशी' आणि 'परके' हा हिशेबही आम्हांस वाटला तेवढा सोपा नाही. सी. रामचंद्र हे विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. परंतु त्यांच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट घुमे तो गोव्याच्या अँटोनियो झेवियर वाझ यांचा, जे 'चिक चॉकलेट' या नावाने मुंबईत गाजले. गोव्यातील अशा किती ख्रिस्ती वादकांना सुरांची लिपी प्रथम दिसली ती चर्चला जोडलेल्या संगीतशाळेत. तेथे मिस्सेसाठी शिकलेला सूर मुंबईच्या चित्रपटांत गेला, तेथून लग्नाच्या वरातीत गेला. विजय चौकात अखेरीस वाजणारी 'सारे जहाँ से अच्छा' ही कवायतीची चालही प्राध्यापक ए. लोबो यांची. शब्द इक्बालांचे, संचलन लोबोंचे! घर कोणाचे आणि पाहुणा कोण, हे येथे कोणी ठरवावे?

आमच्या घरचे उदाहरण तर आणखी जवळचे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते याच नगरात उमलली. आमच्या लोकांनी कित्येक वर्षे ती 'त्यांची' म्हणून दूर ठेवली, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, जेव्हा लॅटिन मागे पडून मराठी वेदीवर आली, तेव्हा आपल्याजवळ गाणी थोडी आहेत हे पाहून भीतभीत शेजाऱ्याच्या दारी गेलो. आज टिळकांची गीते आमच्या मिस्सेत गायिली जातात. गाणाऱ्या मुलांना ती उसनी आहेत याची वार्ताही नाही. आणि टिळकांनी तरी अभंग कोठून आणला? फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापले ते कोणाच्या ओवीत? उसनवारी ही आमच्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची पहिली इयत्ता आहे. ज्यांनी इतके घेतले त्यांनी एक गाणे परत गेल्यावर दाराशी भांडावे, हे शोभले नाही.

याचा अर्थ स्तोत्र वगळले ते योग्यच झाले, असे आमचे म्हणणे नाही. ते राहिले असते तर बरे झाले असते, असेच आम्हांस आजही वाटते. दोन्ही गीतांस त्या संध्याकाळी जागा होती. परंतु एखादी गोष्ट जाऊ नये असे वाटणे निराळे, आणि ती आपल्या मालकीची होती असे समजणे निराळे. आम्ही पहिल्याच्या नावाखाली दुसरे बोललो होतो.

पुढचा रविवार ६ फेब्रुवारी. सकाळची मिस्सा संपते न संपते तोच लतादीदी गेल्याची वार्ता आली. त्या दिवशी गावात, दुकानांत, रिक्षांत, सर्वत्र एकच गाणे वाजत होते. तेच, ज्याच्यावर आम्ही आठ दिवसांपूर्वी रुसलो होतो. संध्याकाळच्या जपमाळेच्या वेळी जमलेल्या बायकांना आम्ही म्हटले, "गेल्या रविवारी आम्ही रागाने बोललो. ते शुभवर्तमान नव्हते." त्यांतील एक वृद्ध बाई म्हणाल्या, "फादर, आम्हाला कुठं समजलं होतं?" धर्मगुरूस याहून मोठा प्रसाद तो कोणता!

हवालदारबाबांनी मात्र तो विषय तेथेच सोडला नाही. उन्हाळ्यात आम्हांस समजले, की ते रोज संध्याकाळी गावातील बँडपार्टीच्या पोरांकडे जाऊन बसतात. ही पोरे लग्नात लाल कोट घालून वाजविणारी, वडिलोपार्जित वाजंत्री. आमच्या धर्मग्रामातील कोणी नाही. दोन ट्रम्पेट, एक क्लॅरिनेट, एक धापा टाकणारे युफोनियम, ढोल, आणि खुळखुळा. करोनात दोन वर्षे लग्ने बुडाल्यामुळे कर्जात रुतलेली. बाबा त्यांना 'अबाइड विथ मी' शिकवीत होते.

आम्ही एकदा पाहावयास गेलो. शिकविणे मोठे कष्टाचे होते. पोरांना नोटेशन येत नव्हते, हे एक. आणि प्रत्येकाला वरचा सूरच वाजवायचा होता, हे दुसरे. ज्याला खालचा सूर दिला तो चार मात्रा कसाबसा थांबे आणि पाचव्या मात्रेला वर पळे. बाबा हातातील काठी जमिनीवर आपटून म्हणत, "अरे तू खाली राहा! तू राहिलास तर तो वर उभा राहील. तू गेलास तर तो पडला!" तिसऱ्या ओळीत चाल जरा वर चढते, तेथे तर हमखास घोळ. आम्ही हसलो. नंतर घरी येताना जाणवले, की याच वाक्यावर एक अख्खे प्रवचन होईल. मात्र ते कोणावरही रागावून करता येणार नाही.

"हे कशासाठी, बाबा?" आम्ही विचारले. "ह्यांना कोण हे वाजवायला बोलावणार?"

"बोलावतील," ते म्हणाले. "पहिला मीच बोलावणार आहे."

त्यांचे बोलावणे पुढच्या वर्षी, २०२३ च्या पावसाळ्यात आले. चार दिवसांच्या तापाचे निमित्त झाले. निधनाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्यांना तैलाभ्यंग दिले, तेव्हा शुद्ध होती. युफोनियम कोपऱ्यात पोत्याने झाकून ठेवलेले होते. त्याकडे हात करून ते काही बोलले, मुलाला समजले.

अंत्ययात्रेला रस्ता चिखलाचा होता. लाल कोट घातलेली पोरे पुढे चालत होती. पुढे चालणाऱ्या ट्रम्पेटवाल्याने मागे वळून एकदा आमच्याकडे पाहिले आणि स्तोत्र सुरू केले. आम्ही ते मोठमोठ्या गायकवृंदांच्या तोंडून ऐकले आहे, ध्वनिमुद्रिकांवर ऐकले आहे. इतके बेसूर कधी ऐकले नव्हते. पावसाने ओठ गारठलेले, तिसऱ्या ओळीत नेहमीचा घोळ. परंतु खालचा सूर राहिला. तो वर पळाला नाही. बाबांच्याच युफोनियमवर, त्यांच्या मुलाने दिलेल्या, तो पोरगा डोळे मिटून तेवढेच चार-पाच सूर धरून चालत होता, आणि त्याच्या आधाराने बाकीचे कसेबसे उभे होते.

कबरस्थानाच्या फाटकाशी यात्रा थांबली. आम्ही मंत्रजल शिंपडण्यासाठी पुढे झालो, तोच बँडवाल्यांनी, कोणालाही न विचारता, दुसरे गाणे सुरू केले. सैनिकाची माती होती. त्यांच्या मते तेथे जे वाजवायचे ते ठरलेलेच होते. 'ऐ मेरे वतन के लोगों'. ही चाल त्यांच्या हाडांत मुरलेली. ती बेसूर झाली नाही. आमच्या हातात पुस्तक उघडे होते, पाऊस पानांवर पडत होता. एका क्षणी आमचे धर्मभगिनींकडे लक्ष गेले. त्या आम्ही काय करतो हे पाहत होत्या. आम्ही पुस्तक मिटले आणि गाणे पुरे होईपर्यंत उभे राहिलो. मग प्रार्थना म्हटली.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. इतकी वर्षे गायिल्यावर गाणे कोणाचे?

लाइट यांनी आपल्या स्तोत्राचे बीज घेतले ते लूकच्या शेवटच्या अध्यायातून. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना एक अनोळखी वाटसरू भेटतो. संध्याकाळ होते. ते त्याला आग्रह करतात, आमच्याकडेच राहा, दिवस कलला आहे. तो आत येतो, भाकर मोडतो, ते त्याला ओळखतात. आणि ओळखताक्षणी तो दिसेनासा होतो. सेमिनरीत हा उतारा आम्ही मूळ ग्रीकमधून शिकलो, त्यावर निबंध लिहिला, आणि तरी एक साधी गोष्ट आमच्या नजरेतून निसटली होती. ज्याला 'राहा' म्हणून विनविले तो त्यांच्या डोळ्यांसमोर राहिला नाही. आणि शिष्य काही रिकाम्या जागेकडे पाहत बसले नाहीत, की कोणी त्याला नेले म्हणून तक्रार करीत सुटले नाहीत. त्याच रात्री, अंधारात, ते उठले आणि आले त्या वाटेने यरुशलेमेस परत गेले, इतरांना सांगावयास.

आम्ही त्या मुलाला एवढेच म्हटले, की बाळ, गाणे बहुधा ज्याने रचले त्याचेही नसते आणि ज्याने गायिले त्याचेही नसते. परंतु ज्याने दुसऱ्याला शिकविले त्याच्या हातून ते पुढे जाते, एवढे आम्ही पाहिले आहे. त्याचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. त्याने पुन्हा कानांत ती यंत्रे घातली आणि तो गेला.

मध्यंतरी बँडपार्टीतील तो युफोनियमवाला भेटला. मारुतीच्या देवळामागील आळीत एक निवृत्त शिक्षक वारले, तेव्हा त्यांच्या मुलांनी मुद्दाम बोलावून 'ते हवालदाराचं गाणं' वाजवायला सांगितले, असे त्याने सांगितले. बँडपार्टीत त्या स्तोत्राचे आता हेच नाव आहे. लाइट, मंक, विजय चौक यांपैकी कशाचीही त्या पोरांना माहिती नाही, आणि आम्हीही अद्याप सांगितलेली नाही. सांगू कधीतरी, पुणतांब्याची गोष्टही त्याच वेळी सांगू.

त्यांची तालीम चर्चच्या मागील बाजूस, रस्त्यापलीकडील पत्र्याच्या शेडमध्ये चालते. लगीनसराई जवळ आली, की सायंकाळची घंटा आम्ही वाजवितो तेव्हा तिकडून सूर ऐकू येतात. आधी चित्रपटांतील गाणी, मग शेवटी, वाद्ये पुसून ठेवण्यापूर्वी, एकदा ते. तिसऱ्या ओळीत अजूनही चुकतात.